हळर्णचं नाव, लिस्बनची पत्रं

गोव्याच्या पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठावर हळर्णचा किल्ला आहे, वाडीकर भोसल्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैदा यांनी तो जिंकला आणि त्या विजयाबद्दल त्यांना ‘मार्केझ द आलोर्ना’ हा किताब मिळाला; आलोर्ना म्हणजेच हळर्ण. किल्ला पुढे काही वर्षांनी भोसल्यांकडे परत गेला. किताब मात्र घराण्यात टिकला आणि नातीपर्यंत पोचला.

ही नात म्हणजे पोर्तुगीज कवयित्री लिओनोर द आल्मैदा (1750–1839). आईकडचे आजोबा, मार्केझ द ताव्होरा, हेही गोव्याचे व्हाइसरॉय होते. पोर्तुगालच्या राजावरच्या हल्ल्याच्या कटाचा आळ येऊन 1759 मध्ये त्यांना देहान्त शासन झालं. वडील तुरुंगात गेले. लिओनोर तेव्हा जेमतेम आठ वर्षांची. आई आणि बहिणीसह तिची रवानगी लिस्बनजवळच्या शेलासच्या मठात झाली, ती थेट 1777 पर्यंत. तुरुंगातल्या वडिलांशी आणि बाहेरच्या मैत्रिणीशी बोलायला तिच्याकडे कागदच होता. तेरेझा द मेलो ब्रेयनेर या मैत्रिणीबरोबरचा 1771 ते 1777 मधला तिचा पत्रव्यवहार वांदा अनास्तासियु यांनी संपादित करून 2007 मध्ये छापला. त्यात दोघींचीही पत्रं आहेत. जिच्या नावात पेडण्यातलं एक गाव आहे, तिच्या पत्रांची अशी निगा राखली गेली. खुद्द पेडण्या-डिचोलीच्या माणसांची पत्रं कुठे आहेत, हे विचारायला गेलं की उत्तर अडखळतं.

गोव्याला दप्तराची परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. 1595 मध्ये इतिहासकार दियोगु द कोउतु यांच्याकडे गोव्याच्या दप्तराची जबाबदारी आली, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. तिचं मुख्य धन म्हणजे ‘मोसमाची पुस्तकं’, म्हणजे लिस्बनचा दरबार आणि गोव्याचे व्हाइसरॉय यांच्यातला पत्रव्यवहार. जहाजं मोसमी वाऱ्यांच्या हिशेबाने ये-जा करत, म्हणून हे नाव. वाटेत एखादं जहाज बुडालं तरी मजकूर पोचावा, यासाठी एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून धाडत. या पुस्तकांचे साठांहून अधिक खंड 1777 मध्ये लिस्बनला हलवले गेले. लिओनोर मठातून सुटली तेही हेच वर्ष.

ही पत्रं छापणाऱ्यांत कुन्य रिव्हारा यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी 1857 पासून ‘आर्किव्हु पोर्तुगेझ ओरिएंताल’चे भाग काढले. पण लक्ष वेधतात ते पिसुर्ल्याचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. राजा आणि व्हाइसरॉय यांच्या गर्दीतून त्यांनी मधली माणसं बाहेर काढली: दुभाषे, वकील, पुण्याच्या दरबारात पोर्तुगीजांचं काम पाहणारे नारायण शेणवी धुमे. 1952 चा त्यांचा ग्रंथ या मंडळींवरच आहे. अडचण एकच, तो पोर्तुगीजमध्ये आहे. मराठी बोलणाऱ्या वकिलांची कहाणी वाचायला मराठी वाचकालाच दुभाषा लागतो.

मोडी पत्र हातात घेतलं की जुनी पत्रं वाचून छापण्याचं काम किती चिवट आहे ते कळतं. वर ‘श्री’, मग मायन्यातली ‘राजश्री’ आणि ‘गोसावी’ची आरास, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तारीख म्हणून ‘छ’ आणि पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र. साल बहुधा नसतंच. ते संपादकाने मजकुरातल्या घडामोडींवरून हुडकायचं. इतिहासकार राजवाडे आणि सरदेसाई यांनी हजारो पत्रांवर हे केलं, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाला बोलता आवाज आला.

त्या छापील ढिगाऱ्यात पेडणं सापडतं, पण तुकड्यातुकड्यांनी. केरीचे जिवबादादा बक्षी हे महादजी शिंद्यांचे सेनानी. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती. शिंदेशाहीच्या कागदांत त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पत्रात, बातमी म्हणून. 1788 मध्ये वाडीच्या खेम सावंतांनी पेडणं पोर्तुगीजांना दिलं. म्हणजे खर्ड्याच्या वेळी या सेनापतीचं घर परक्या राज्यात होतं. तेव्हा घरी लिहिलेली दोन ओळींची पत्रं आज लढाईच्या वृत्तान्तापेक्षा मोलाची ठरतील.

डिचोलीत 1877 मध्ये जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, हयातभर मराठीशी भांडले आणि कोंकणीत लिहीत राहिले. त्यांच्या पुस्तकांची चर्चा अजून तापते. पत्रांकडे मात्र दोन्ही बाजूंनी पाठ. वादात पुरावा म्हणून पुस्तक चालतं; पत्रात माणूस हळवा होतो, कुरकुरतो, पैशाची चिंता करतो, आणि हे कुठल्याच पक्षाच्या सोयीचं नसतं.

मराठीला पत्रं जपणं जमत नाही असंही नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे चार खंड ‘मौज’ने काढले, आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली. एका संवादाच्या दोन बाजू दोन पुस्तकांत विभागल्या गेल्या, तरी वाचक दोन्ही उघडी ठेवून वाचू शकतो. धारवाडच्या एकलकोंड्या कथाकाराच्या वाट्याला जे आलं, ते पेडण्यातल्या मांद्र्याचे संशोधक भाऊ दाजी यांच्या वाट्याला आलं नाही. 1888 मध्ये कलकत्त्याहून त्यांच्या लेखनाचा संग्रह निघाला, तोही संशोधनपर निबंधांचा. पुढे प्रियोळकरांनी त्यांचं चरित्र सिद्ध केलं. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचं नाव लाभलं. आणि तरी त्यांचा जन्म काही पुस्तकं 1822 चा धरतात, काही 1824 चा. मुंबईहून मांद्र्याला गेलेल्या एखाद्या घरगुती पत्रात, पोराच्या मुंजीचा खर्च मांडताना, त्याचं वय कोणीतरी सहज लिहिलेलं असू शकतं.