रुग्णसेवेतील स्मार्ट चष्मा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कागदी केसपेपरची जागा संगणकाने घेतल्यानंतर रुग्णाविषयीची माहिती वाढली. परंतु ती वाचण्यासाठी डॉक्टरांची दृष्टी रुग्णाकडून पडद्याकडे वळली. या अडचणीवरील उपाय म्हणून स्मार्ट चष्मा पुढे आला. प्रस्तुत लेखात गूगल ग्लासच्या अनुषंगाने या उपायाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
2013 मध्ये गूगल ग्लास निवडक वापरकर्त्यांना 1500 डॉलर किमतीस उपलब्ध झाला. बोस्टन येथील बेथ इस्राएल डिकनेस मेडिकल सेंटरच्या तातडीच्या विभागात त्याचा वापर करण्यात आला. खोलीसाठी लावलेल्या क्यूआर कोडकडे पाहताच आतील रुग्णाची माहिती डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येत असे. मेंदूत रक्तस्राव झालेल्या एका रुग्णाला रक्तदाबाच्या काही औषधांची ॲलर्जी होती. मात्र ती औषधे कोणती, हे त्याला सांगता येत नव्हते. चष्म्यामुळे डॉक्टरांना ते तत्काळ समजले. ही उपयुक्तता नाकारता येत नाही. रुग्णालयाने माहिती स्वतःच्याच नेटवर्कमध्ये ठेवण्याची दक्षताही घेतली होती.

तथापि काही प्रश्न उरतात. पहिला, असा कोड खोलीची ओळख पटवतो, रुग्णाची नव्हे. रुग्ण हलविला गेला आणि नोंद तशीच राहिली, तर दुसऱ्याच रुग्णाची माहिती समोर येण्याचा धोका संभवतो. दुसरा, चष्मा केवळ दाखवत नाही, तो पाहतोही. 2012 मध्ये स्थापन झालेल्या ऑगमेडिक्स या कंपनीच्या सेवेत चष्म्याद्वारे दूरवरचा लेखनिक तपासणी पाहून-ऐकून नोंदी करीत असे. अशा वेळी खोलीत तिसरी व्यक्ती असते, पण रुग्णाला ती दिसत नाही. त्यामुळे त्याची पूर्वसंमती अपरिहार्य ठरते. तिसरा, मार्च 2023 मध्ये गूगलने ग्लासची विक्री थांबविली व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तांत्रिक साहाय्यही बंद केले. रुग्णसेवेची घडी अशा उपकरणावर बसविल्यास ती उत्पादकाच्या व्यापारी निर्णयाच्या अधीन होते.

निष्कर्ष :
संगणकाकडे वळलेला डॉक्टर वाचत आहे, हे रुग्णाला निदान कळते. चष्म्यातून वाचणारा डॉक्टर मात्र रुग्णाकडे पाहत असल्यासारखा भासतो. समोर असणे आणि लक्ष असणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून अशा साधनाचे मूल्यमापन केवळ वाचलेल्या वेळावर न करता, तो वेळ रुग्णाच्या वाट्याला आला किंवा नाही, या कसोटीवर होणे आवश्यक आहे.