नकाशातून पुसलेले गाव

माझ्या एका जुन्या मित्राने मी सुचवलेला चित्रपट पाहायचा नाही, असे ठरवून टाकले आहे. त्याला कारण ‘बाकुराऊ’.

आमच्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी पाच-सात चित्रपटवेडी माणसे जमतात. त्या रात्री मी हा ब्राझीलचा चित्रपट लावला. मध्ये चहाला थांबलो तोवर सगळे खूश होते. चहानंतर अर्ध्या तासाने मित्र उठला. “मास्तर, एका बैठकीत दोन सिनेमे दाखवलात, आणि दुसरा अगदीच भिकार,” असे म्हणून चपला घालून निघून गेला. उरलेल्यांपैकी दोघे मात्र शेवट झाल्यावरही बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या चित्रपटावरून एका खोलीतल्या माणसांत अशी फळी पडते, तो रसिक वाचकांना सुचवावा की नाही? माझे मत सुचवावा असेच आहे. पण मित्राचा आक्षेपही खोटा नाही, तेव्हा दोन्ही बाजू मांडतो.

‘बाकुराऊ’ २०१९चा. क्लेबेर मेंडोन्सा फिल्यो आणि जुलियानो दोर्नेलिस हे त्याचे दिग्दर्शक. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला ज्यूरी पारितोषिक विभागून मिळाले. ब्राझीलच्या ईशान्येला सेर्तांव नावाचा कोरडा, काटेरी झुडपांचा मुलूख आहे. दुष्काळ तिथे पाचवीलाच पुजलेला. या मुलखातले एक छोटे काल्पनिक गाव म्हणजे बाकुराऊ, आणि काळ ‘आणखी काही वर्षांनंतरचा’. कथेतले गाव पेर्नांबुको राज्यात असले, तरी चित्रीकरण रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यातल्या एका खऱ्या खेड्यात झाले आहे.

पहिला तास संथ आहे. पाण्याच्या टँकरमधून तेरेसा नावाची तरुणी आजीच्या अंत्ययात्रेसाठी गावी येते. आजी कार्मेलिता, गावाची मूळ माउली. सारे गाव रस्त्यावर लोटते. डॉक्टरीणबाई दोमिंगास दारूच्या नशेत मृत आजीलाच शिव्या घालते (ही भूमिका सोनिया ब्रागा या नामवंत अभिनेत्रीने केली आहे), आणि गाव तिला सांभाळून घेते. पाणी वर कुठेतरी अडवलेले आहे. नगराध्यक्ष मते मागायला येतो, मुदत संपलेले अन्न वाटतो आणि ट्रकभर पुस्तके मातीत ओतून जातो. गावकरी दारे लावून आत बसतात. गावगाड्याचे इतके जिवंत चित्रण अलीकडे माझ्या पाहण्यात नाही.

मग एके दिवशी शाळेतले गुरुजी मुलांना नकाशावर आपले गाव दाखवू लागतात आणि गाव सापडतच नाही. उपग्रहाच्या चित्रातूनही ते पुसले गेले आहे. माझा जन्म भूगोल शिकवण्यात गेला. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना आपले गाव शोधायला लावत असे, आणि ते बोटाखाली आले की वर्गात होणारा गलका मला अजून ऐकू येतो. त्यामुळे या प्रसंगात माझ्या पोटात गोळा आला. पुढे फोनचा संपर्क तुटतो, टँकर गोळ्यांनी चाळणी होऊन येतो, आकाशात तबकडी घिरट्या घालते. माणसांची शिकार करायला परदेशी पाहुणे आले आहेत, आणि त्यांच्या लेखी गावकरी म्हणजे गुण मिळवण्याचे नेम. इथून चित्रपट कधी वेस्टर्न होतो, कधी भयपट, कधी विज्ञानकथा.

मित्राचा राग इथेच आहे. माणसांची गोष्ट सांगता सांगता ही मारामारी कशाला? मला वाटते, ही मोडतोड हेच या चित्रपटाचे म्हणणे आहे. तासभर आपण गाव आतून पाहतो, घराघरातून, अंगणातून. शिकारी येतात आणि गाव वरून दिसू लागते, तबकडीच्या डोळ्यातून. गाव तेच, माणसे तीच. आपली साधी हकिकत चालली असताना कोणीतरी बाहेरून येऊन तिचा थरारपट करतो. गावाने तो मागितलेला नसतो. शिवाय दिग्दर्शकांनी हे आकाशातून पाडलेले नाही. गावात एक छोटे संग्रहालय आहे. आल्यागेल्याला गावकरी मोठ्या अगत्याने विचारतात, संग्रहालय पाहिलेत का? कोणीही पाहुणा आत जात नाही. आत काय आहे ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. एवढेच सांगतो की, सेर्तांवात कांगासेइरो म्हणवणारे बंडखोर दरोडेखोर होऊन गेले. त्यांचा म्होरक्या लांपियांव १९३८ मध्ये मारला गेला, आणि त्याच्या टोळीची मुंडकी लोकांसमोर मांडून ठेवली गेली. तो इतिहास या मुलखाच्या भिंतीवर अजून टांगलेला आहे.

दोष आहेत. परदेशी शिकारी पुठ्ठ्याचे वाटतात, त्यांचे इंग्रजी संवाद ताठर आहेत. उडो कीर हा नट एकटाच त्यांच्या म्होरक्यात जीव ओततो. दुसरा दोष गंभीर आहे. गाव उलटून वार करते तेव्हा बघणाऱ्याला आनंद होतो. माझाही हात टाळीसाठी वर गेला होता, आणि मागाहून त्याची लाज वाटली. मात्र याच भागात एक जखमी शिकारी बाई भाषांतराच्या यंत्रातून जीव वाचवण्याची विनवणी करते. जिला ती मघाशी मारणार होती, त्या म्हाताऱ्या माणसाच्या भाषेची आता तिला गरज पडते. हा प्रसंग पाहिल्यावर टाळी वाजत नाही.

पण हा चित्रपट माझ्या मनात रुतला तो दोन मोटारसायकलस्वारांमुळे. ते ब्राझीलच्याच दक्षिणेतले, शिकाऱ्यांचे वाटाडे. गावात येऊन विचारतात, इथे जन्मलेल्यांना काय म्हणतात? एक पोर उत्तर देते : माणसे. गावाच्या नावाचा अर्थ विचारतात. कळते की तो एक पक्षी, आपल्याकडचा रातवा. नामशेष झाला का? नाही, फक्त रात्री बाहेर पडतो. नंतर हे दोघे परदेशी मंडळींना सांगतात की आम्ही या लोकांसारखे नाही, आम्ही श्रीमंत दक्षिणेतले, तुमच्यासारखेच. त्यावर ती मंडळी हसतात. पुढचे सांगत नाही.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना नकाशातून पुसलेले गाव लगेच आपले वाटेल. पण मला त्या वाटाड्यांतही मी दिसलो. तरुणपणी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा आमच्याकडचे ‘काय करूलाईस’ मी जिभेवरून खरवडून काढले होते. गावाकडचा एक वर्गमित्र भेटायला आला, मेसमध्ये मोठ्याने बोलला, तेव्हा त्याच्या बोलण्याला हसणाऱ्यांत मी होतो. आणि तो गेल्यावर तीच मुले माझ्या हेलाला हसली. चित्रपटात बंदुका आहेत, इथे नुसते हसू होते; पण ते हसू मी ओळखले.

या भाषेशी आपले जुने नातेही आहे. चावी, पगार, बादली हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या घरात आले आणि काजूचे झाड त्यांनीच ब्राझीलहून गोव्यात आणले. तेव्हा तळटिपा वाचायचा कंटाळा करू नका. रक्तपात पुष्कळ आहे, नग्नताही आहे. मुले झोपल्यावर पाहा. आणि पहिल्या तासाला संथ म्हणून उठू नका, दुसऱ्या तासाला भडक म्हणून उठू नका.

तो मित्र म्हणजे मेसमधला तोच वर्गमित्र. त्या दिवशीच्या हसण्याबद्दल मी त्याच्याशी आजवर बोललेलो नाही. पुढच्या शनिवारी त्याला बोलावले आहे. तो जिथून उठला होता, तिथूनच चित्रपट लावणार आहे. येईल की नाही, पाहू.