विरहिणीचा कावळा

ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतील कावळा हा अभ्यासकांनी पुष्कळदा केवळ पायरीसारखा वापरला आहे. त्याच्यावर पाय ठेवून ते जीव-शिवाच्या मिलनापर्यंत पोचतात आणि पक्षी मागे राहतो. प्रस्तुत टिपणात ह्या घाईविषयी थोडे लिहावयाचे आहे.

विरहगीतातील पक्षी सर्वत्र एकच काम करीत नाही. अझरबैजानी काव्यात करकोच्याला मोठा मान आहे. अठराव्या शतकातील विदादी व वागिफ ह्या दोघांनीही करकोच्यांना उद्देशून कविता रचल्या. करकोचा ऋतूबरोबर देश ओलांडतो, म्हणून परमुलखात पडलेल्याला त्याच्याकडे पाहून घर आठवते. करकोचे हिवाळ्यात आपल्या पाणवठ्यांवरही उतरतात. पण आपल्या विरहिणीने शेजारचा कावळा निवडला. तो देशांतराला जात नाही, निरोप नेत नाही. येणाऱ्याची वर्दी तेवढी देतो. त्यामुळे त्याचे गीत प्रवाशाचे नव्हे, घरी खोळंबलेल्या बाईचे होते.

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत हे अधिक नीट कळते. कवेलूंवर कावळा ओरडला की पाहुणा येणार, ही समजूत तिकडची. सासुरवाशिणीच्या लेखी तो पाहुणा म्हणजे माहेरी न्यावयास येणारा भाऊ. भुलाबाईच्या गाण्यांतून मुली लग्नापूर्वीच सासर-माहेराचे हे अंतर गाऊ लागतात. (पिठाच्या गिरण्यांनी जात्यावरची ओवी थांबविली, वाट पाहणे थांबविले नाही.)

ज्ञानेश्वरांची (१२७५–१२९६) विरहिणी ह्याच शकुनावर विठ्ठलाची वाट पाहते. ती कावळ्याला पाय सोन्याने मढविण्याचे, दहीभाताचे, दुधाचे आमिष दाखविते. सोने बोलण्यापुरते, दहीभात मात्र तिच्या हाताशी आहे. ही नुसती विनवणी नाही, घासाघीस आहे, आणि आर्ततेचा सारा भार मला त्या घासाघिशीतच जाणवतो. शिवाय दहाव्याला पिंडाला शिवावा म्हणून ज्याची वाट पाहतात तोही हाच पक्षी. तो शिवला नाही तर मृताची काही इच्छा उरली आहे असे आपण मानतो. अपुऱ्या इच्छेशी एवढा जुना घरोबा कोकिळेचा नाही.

रूपकार्थ खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. परंपरेला तो मान्यच आहे. पण तो लावण्यापूर्वी ह्या बाईच्या अंगणात क्षणभर थांबले पाहिजे. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत कावळ्याचा पारमार्थिक अर्थ एका ओळीत उरकला, तर समासात एवढेच विचारावे : मग दहीभाताचे काय झाले?