उपस्थिती-संवेदकाचे संगणकीय प्रतिमान : परभणीतील वर्गखोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००७ मध्ये 'ऊर्जा संवर्धन इमारत संहिता' प्रसिद्ध केली. ५०० चौ.मी.हून मोठ्या इमारतींतील लहान कार्यालये, सभाकक्ष, भांडारगृहे व शाळेच्या वर्गखोल्या यांत उपस्थिती-संवेदक बसविण्याची तरतूद तीत होती. खोली रिकामी झाल्यावर दिवे बंद होण्यास या संहितेने जास्तीत जास्त ३० मिनिटे, तर २०१७ च्या आवृत्तीने १५ मिनिटे दिली. ही तरतूद स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो तिच्यामुळे होणारी बचत मोजण्याच्या पद्धतीचा.

अनुपालन सिद्ध करणारी संगणक प्रणाली साधारणतः संवेदकाचे प्रत्यक्ष कार्य पाहत नाही. ती दिव्यांचा भार आणि तासवार वेळापत्रक यांचा गुणाकार करते. हरित मानांकनासाठी आधारभूत ठरलेल्या अमेरिकेतील 'अ‍ॅशरे' संस्थेच्या ९०.१ या मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत संवेदकासाठी प्रकाशभारात सर्वसाधारणपणे १० टक्के सूट आहे. चोवीस तास न चालणाऱ्या लहान इमारतींस ती १५ टक्के आहे. ही सूट घेऊन शिवाय वेळापत्रकही कमी केल्यास एकच बचत दोनदा मोजली जाते, हा पहिला दोष होय.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. परभणीतील एखाद्या महाविद्यालयाची वर्गखोली कल्पावी. तीत ४० वॉटच्या दहा नळ्या आहेत, कामकाज सहा तासांचे आहे आणि मधल्या दोन तासिका रिकाम्या आहेत. दिवे सतत चालू राहिल्यास २.४ युनिट वीज लागते. १० टक्क्यांच्या हिशेबाने बचत ०.२४ युनिट होते. प्रत्यक्षात तासिका सुटी-सुटी असल्यास १५ मिनिटांच्या विलंबाने ०.६, तर ३० मिनिटांच्या विलंबाने ०.४ युनिट वाचते. तास संपताच शिपाई दिवे मालवीत असेल, तर संवेदकामुळे होणारी अतिरिक्त बचत शून्य ठरते. या तिन्ही परिस्थितींना प्रणाली एकच टक्केवारी लावते.

दिव्यांची उष्णता घटल्याने वातानुकूलनाचा भारही कमी होतो, असे प्रणाली दाखवू शकते. केवळ पंख्यांवर चालणाऱ्या वर्गात हा लाभ उद्भवतच नाही. तेथे उन्हाळ्यातील उकाड्याचा प्रश्न छत, सावली आणि वायुवीजन यांच्याशी निगडित असतो. मर्यादित निधीतून संवेदक घ्यावेत की छतास उष्णतारोधक थर द्यावा, याचा निर्णय अशा आकड्यांवर सोपविणे संस्थेस महाग पडू शकते.

यावरून संवेदक निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष निघत नाही. स्वच्छतागृहे, भांडारे व प्रयोगशाळांच्या साठवण-खोल्या यांत दिवे विसरले जाण्याचा संभव अधिक असल्याने ते तेथे सार्थ ठरतात. मात्र प्रतिमानात प्रमाणित वेळापत्रकाऐवजी महाविद्यालयाचे तासिकापत्रक, सुट्ट्या व परीक्षाकाळ यांची नोंद घ्यावी, विलंबाची मिनिटे स्वतंत्रपणे दाखवावीत आणि आज दिवे कोण व केव्हा बंद करतो, याची पाहणी आधी करावी. अन्यथा अनुपालनाचे प्रमाणपत्र नियम पाळल्याचा पुरावा ठरेल, वीज वाचल्याचा नव्हे.