फोटोवरून गाडीचं नाव: पुरावा किती, अंदाज किती?

जुन्या, दुर्मिळ फायबरग्लास गाड्यांचे फोटो बघून "ही अमुक गाडी" असं सांगणाऱ्यांचा एक मोठा वर्ग जगभर आहे. त्यांची नजर तयार असते. मागच्या दिव्याच्या एका कोपऱ्यावरून ते बोलतात आणि बऱ्याचदा बरोबरही निघतात. माझा आक्षेप त्यांच्या नजरेवर नाही, नाव ठरवण्याच्या पद्धतीवर आहे. तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, उद्या प्रबंधाचा आराखडा लिहिणार असाल, तर ही पद्धत नीट बघा. नमुना ओळखण्यातले जवळपास सगळे दोष इथे उघड्यावर सापडतात.

आधी किट कार म्हणजे काय ते बघू. कारखान्यातून तयार गाडी न घेता बॉडी आणि सुटे भाग घ्यायचे, आणि दुसऱ्या एखाद्या जुन्या गाडीची चासी, इंजिन वापरून घरी किंवा गॅरेजमध्ये जोडायचे. इंग्लंडमध्ये हा धंदा फोफावला त्यामागे कराचं गणित होतं. तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर नाही. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. बॉडी फायबरग्लासची, कारण पत्रा दाबायला अवाढव्य प्रेस लागतो. फायबरला साचा, काचतंतूंची चटई, रेझिन आणि चार माणसं पुरतात.

गोची इथेच आहे. आपल्याकडे चौकातले फायबरचे पुतळे बघा. एक पुतळा हाताशी असला की त्यावरून साचा काढता येतो आणि त्या साच्यातून दुसरा पुतळा. गणपतीच्या मूर्तींमध्ये दुसऱ्याचा साचा उचलण्याची तक्रार दर वर्षी ऐकू येते. गाड्यांचंही तेच झालं. ब्रूस मेयर्स या अमेरिकन माणसाने १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून मेयर्स मॅन्क्स ही वाळूत पळणारी बग्गी केली. त्याने स्वतः पाच-सहा हजार विकल्या, नकला त्याच्या कितीतरी पट झाल्या, आणि पेटंटची लढाई तो कोर्टात हरला. आता मॅन्क्ससारखी दिसणारी बग्गी फोटोत दिसली आणि कुणी "मॅन्क्स" म्हणालं, तर ते विधान आकाराबद्दल आहे की बनवणाऱ्याबद्दल? दोन वेगळी विधानं आहेत ही. फोटो पहिल्याला आधार देतो. दुसऱ्याला जवळजवळ नाहीच.

नकलेचाच प्रश्न आहे असंही नाही. इंग्लंडमधली १९७१ ची नोव्हा ही गाडी परवान्याने अनेक देशांत वेगवेगळ्या नावांनी निघाली. अमेरिकेत स्टर्लिंग, ऑस्ट्रेलियात युरेका. साचा एकच, नावं अनेक. इथे "खरं नाव कोणतं" हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समनामांचा गोंधळ आठवेल.

दिव्यांचा पुरावा सगळ्यात लोकप्रिय, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. किट बनवणारा छोटा धंदेवाला स्वतःचे दिवे, दाराची कडी, वाकवलेली समोरची काच बनवत नाही, परवडतच नाही. तो मोठ्या कंपनीच्या गाडीचे उचलतो. बड्यांनीही हे केलंय. लोटस एस्प्रीच्या पहिल्या आवृत्तीचे मागचे दिवे फियाट एक्स १/९ चे होते. म्हणजे दिवा ओळखला की तुम्ही दिवा ओळखला, एवढंच. त्यातून एक उपयोगी गोष्ट मात्र निघते, ती म्हणजे काळाची खालची मर्यादा. १९७२ मध्ये बाजारात आलेला दिवा १९६८ च्या फोटोत असू शकत नाही. पण गाडी १९६८ ची असून दिवा नंतर बदललेला असू शकतो. मर्यादा फोटोतल्या अवस्थेला लागते, गाडीच्या जन्माला नाही. इतका साधा फरक जाणकार मंडळीही सर्रास विसरतात.

आणि जन्म तरी कोणता धरायचा? चासी १९६२ ची, बॉडीचा साचा १९७१ चा, जोडणी १९७९ ची. अनेक ठिकाणी अशा गाडीची नोंदणी जुन्या चासीच्याच नावाने राहते. मग कागद "१९६२ ची बीटल" म्हणतो, डोळा म्हणतो स्पोर्ट्स कार. दोघंही खोटं बोलत नाहीत.

त्यामानाने चाकांचा पुरावा मला जास्त आवडतो, कारण तो दाखवण्यासाठी बनवलेला नसतो. बीटलच्या १९६७ पर्यंतच्या चाकांना पाच बोल्ट, तेही खूप लांब लांब. पुढे चार आले. बीटलच्या दोन आसांमधलं अंतर २४०० मिलिमीटर. फोटो अगदी बाजूने काढलेला असेल तर ते अंतर आणि टायरचा व्यास यांचं गुणोत्तर पट्टीने मोजता येतं. मूळ मापाच्या टायरला ते साधारण पावणेचारच्या आसपास यायला हवं. फोटो तिरका असेल तर हे गणित कोसळतं, टायर बदलले असतील तर सरकतं, आणि मॅन्क्ससारख्या बग्गीत चासीच कापून आखूड केलेली असते. पण निदान हा दावा खोटा ठरू तरी शकतो. "बघताक्षणी कळतं" हा दावा खोटा ठरवायचा कसा?

आता आपल्याकडे या. बेंगळुरूच्या सिपानीने १९८० च्या दशकात डॉल्फिन काढली. फायबरग्लास बॉडी, दोन दारं, ८४८ सीसी इंजिन. ही मुळात इंग्लंडची रिलायंट किटन. ती किट नव्हे, कारखान्याची गाडी, पण ओळखण्याचा पेच तोच. दोन्हीकडे स्टेअरिंग उजवीकडे, त्यामुळे नेहमीची ती युक्तीही इथे बाद. शिवाय किटन म्हणजे जवळपास तीनचाकी रिलायंट रॉबिनलाच चौथं चाक लावलेली गाडी. मागून तिरका काढलेला फोटो असेल तर पुढे एक चाक आहे की दोन, हेच दिसत नाही. आणि तीन चाकं दिसली तरी घाईने रॉबिन म्हणू नका. सिपानी मंडळींचीच बादल नावाची तीनचाकी फायबर गाडी होती, इंजिन मागे असलेली.

आम्हा तिरोड्याकडच्यांना हा पेच नवा नाही. शेजारच्या नागझिऱ्यात कॅमेरा ट्रॅपने वाघ मोजतात. पट्ट्यांवरून वाघ नक्की ओळखता येतो, पण डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. एका फोटोत फक्त डावी कूस आणि दुसऱ्यात फक्त उजवी असेल, तर तो एकच वाघ की दोन, हे सांगता येत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. गाडीवाले एका कुशीवरून नाव ठेवतात आणि वर "शंभर टक्के" लिहितात, हे मला खटकतं.

फोटो शोधणाऱ्या यंत्रांनी यात भरच घातलीय. अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर १.८ एस घ्या. फायबरची बॉडी, अ‍ॅम्बेसेडरमध्ये यायचं ते इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन, आणि रूप लोटस सेव्हनच्या वळणाचं. लोटस सेव्हन १९५७ ची. तिचे आणि तिच्या असंख्य भावंडांचे फोटो ढिगाने, चिंकाराचे मूठभर. जिचे फोटो जास्त तिच्याकडेच यंत्र झुकणार. मग कुणीतरी तेच नाव फोटोखाली लिहिणार, आणि पुढचा माणूस ते लिहिलेलं पुरावा म्हणून दाखवणार. संदर्भसूचीत हेच होताना पाहिलंय ना? दहा पेपर एकच आकडा देतात आणि दहाही एकाच मूळ पेपरवर उभे असतात.

उलट टोकाची खोडही आहे. "दुर्मिळ" म्हटलं की किंमत वाढते, त्यामुळे साधी बग्गीही एकमेवाद्वितीय ठरते. दुर्मिळ म्हणजे कितीतली किती, हे विचारलं की गप्प. पैसे मोजणारा ते नाव विकत घेतो, आणि ज्याने खरोखर साचा घडवला त्याचं नाव मात्र कुठेच राहत नाही.

पार्श्वभूमीचा पुरावा मात्र लोक फार कमी वापरतात. डॉल्फिनसारख्या गाडीवर १९८९ च्या आधीच्या धाटणीची भारतीय नंबरप्लेट असेल, तर किटनऐवजी डॉल्फिन असण्याची शक्यता एकदम वाढते. बॉडी तीच आहे, पण भारतात किटन येण्याचं प्रमाण नगण्य. पाटी नोंदणीची जागा सांगते, कारखान्याची नाही; तरीही या ठिकाणी तिचं वजन दिव्यापेक्षा जास्त आहे.

अशा फोटोखाली मी एवढंच लिहीन: "किटनच्या धर्तीची बॉडी. पुढची चाकं दिसत नाहीत. पाटी महाराष्ट्राची, जुनी. बहुधा सिपानी डॉल्फिन. इंजिन किंवा चासी नंबर मिळाला तर पुन्हा बघू."