‘रुग्ण समाधानी आहेत’ हे वाक्य कसं वाचायचं?

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने एक रील पाठवली. आधी तपकिरी डोळे, मग लेसर, मग निळसर डोळे. खाली प्रश्न: “ताई, तू पेपर वाचतेस ना? सेफ आहे का सांग. सगळे खूश आहेत म्हणे.” घाऱ्या डोळ्यांचं आपल्याकडे किती कौतुक असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून वाचायला बसले.

या शस्त्रक्रियेचं नाव केराटोपिगमेंटेशन. फेमटोसेकंद लेसरने कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, जाडीत गोल बोगदा करतात आणि त्यात रंग भरतात. आयरिसचा रंग बदलतच नाही, त्याच्यापुढे रंगीत कडं येतं. कॉर्नियावर गोंदण्याचं तंत्र जुनं आहे. अपघाताने किंवा आजाराने पांढरा पडलेला डोळा बरा दिसावा म्हणून ते करत आले आहेत.

पहिली गफलत इथेच होते. ज्याचा डोळा आधीच निकामी आहे, त्याला थोडं बरं दिसणं हीसुद्धा मोठी गोष्ट. त्याचं समाधान उचलून ठणठणीत डोळ्यांच्या पंचविशीतल्या मुलीला लावता येत नाही. तिला मिळवायचाय फक्त रंग, आणि पणाला लागते चांगली नजर. तेव्हा पेपर उघडलात की आधी बघा, रुग्ण कोणते होते.

मग तुलना कशाशी केली ते बघा. डोळ्यात रंगीत कृत्रिम आयरिस बसवण्याचा एक मार्ग आहे. काचबिंदू, डोळ्याच्या आतली सूज, कॉर्निया खराब होणं अशा गुंतागुंतींमुळे तो बदनाम आहे. त्याच्या शेजारी ठेवलं की केराटोपिगमेंटेशन गुणी बाळ दिसणारच! पण माझ्या बहिणीपुढचा खरा पर्याय ‘काहीच न करणं’ हा आहे. फार तर रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स, आणि त्यातही जंतुसंसर्गाचा धोका असतोच.

आता आकड्यांकडे. समजा, ४० डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि पेपर म्हणतो, ‘एकही गंभीर गुंतागुंत नाही.’ शून्य म्हणजे धोका शून्य नव्हे. तीनचा नियम लक्षात ठेवा: ३ भागिले नमुन्याचा आकार. ३/४० म्हणजे ७.५ टक्के, खरा धोका एवढाही असू शकतो, ९५ टक्के विश्वासपातळीवर. शिवाय ४० डोळे म्हणजे २० माणसं. एकाच माणसाचे दोन डोळे ही स्वतंत्र निरीक्षणं नसतात. माणसं मोजलीत तर ती वरची मर्यादा १५ टक्क्यांवर जाते. (व्हायव्हाला हे हमखास विचारतात.)

समाधान विचारलं कुणी, हाही प्रश्न आहेच. या विषयावरचं बरंचसं लेखन ज्यांनी तंत्र घडवलं त्यांच्याच गटांकडून येतं. स्पेनमधल्या अलिकान्तेचे होर्हे आलिओ हे त्यातलं मोठं नाव. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, नवीन तंत्राचं सुरुवातीला असंच असतं. पण भरपूर पैसे मोजून, स्वतःच्या हौसेने केलेल्या गोष्टीबद्दल त्याच डॉक्टरांसमोर ‘चुकलं माझं’ कोण म्हणणार? आणि जे तपासणीला परत आलेच नाहीत, ते त्या टक्केवारीत कुठे धरले?

अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने जानेवारी २०२४ मध्ये निव्वळ हौसेसाठी डोळ्यांचा रंग बदलण्याविरुद्ध इशारा दिला. कॉर्निया धूसर होणं, संसर्ग, रंग पसरणं किंवा फिका पडणं, उजेडाचा त्रास, हे सगळं त्यात आहे. शिवाय साधा विचार करा: कड्याचं मधलं भोक कायम तेवढंच राहतं, बाहुली मात्र अंधारात मोठी होते. रात्री गाडी चालवताना काय दिसतं, हे ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या एका प्रश्नातून कळेल का?

बहिणीला मी एवढंच लिहिलं की दहा वर्षांनंतरचे डोळे कुणी तपासलेत ते क्लिनिकला विचार. अजून तिचं उत्तर आलेलं नाही.