राधिकेचं दुःख कुणी वाचलं?

मुद्दुपलनीच्या 'राधिका सांत्वनम्' या तेलुगू शृंगारकाव्याबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यात बंदीची हकिकतच जास्त असते. ती हकिकत आहेही तशीच. अठराव्या शतकात तंजावरला व्यंकोजींचे नातू प्रतापसिंह भोसले राज्य करत होते. त्या मराठी दरबारातली ही गणिका. पुढं बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेच्या हाती या काव्याची छापील प्रत आली, ती काटछाट केलेली. मग तिनं जुनं हस्तलिखित मिळवलं आणि 1910 साली ते छापवून घेतलं. 1911मध्ये इंग्रज सरकारनं अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. बंदी उठायला 1947 उजाडलं.

यात मला खटकतात ते वीरेशलिंगम पंतुलू. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचलेला माणूस, पण या काव्यातला काही भाग बायकांनी लिहूच काय, ऐकूही नये, असं त्यांचं मत. नागरत्नम्मानं सरळ विचारलं, मर्यादा काय ती बायकांनाच का? पुरुषांनी शृंगार लिहिला की ते पांडित्य! हा प्रश्न आपल्या लावणीलाही लागू आहे. तिथं बाई किती मोकळं बोलते. पण लिहिणारे कोण? रामजोशी, होनाजी बाळा.

1991मध्ये सुसी थारू आणि के. ललिता यांच्या 'विमेन रायटिंग इन इंडिया'मुळं हे नाव देशभर झालं. उपकारच त्यांचे. पण तेव्हापासून मुद्दुपलनी म्हणजे बंडखोर बाई, असा शिक्काही बसला. शिक्का बसला की काव्य कोण उघडतं?

मी इंग्रजी भाषांतर वाचलं आणि शेजारच्या तेलुगू बाईंकडून काही पद्यं मोठ्यानं वाचून घेतली. (त्या मधेच थांबून हसायच्या, मग पुढचं वाचायच्या. लाजल्या मात्र नाहीत.) इथली राधा कोवळी पोर नाही. इळेला तिनंच वाढवलं, तिनंच कृष्णाशी लग्न लावून दिलं, पहिल्या रात्री कसं वागायचं तेही तिनंच शिकवलं. कृष्णालाही बजावलं, जपून घे हो तिला. सगळं रीतसर पार पडलं आणि मग हिला कृष्णावाचून राहवेना! जिला घरात आणलं तिचाच हेवा. राग कृष्णावर, आणि माया इळेवर तशीच. शेवटी कृष्ण येऊन तिची समजूत घालतो. काव्याचं नावच त्यावरून आहे.

थोराड बाईलाही इच्छा असते, आणि ती मागायला तिला लाज वाटत नाही, हे या काव्यातलं खरं धाडस. शरीराची वर्णनं संस्कृत काव्यांत काय कमी आहेत? आणि आणखी एक. ही कवयित्री आपला वारसा सांगते तो आजीचा आणि आत्याचा. दोघी कवयित्री. त्यांच्या कविता कुणी शोधल्या का?